गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणं आणि असलेल्या बुजवणं

बेव्हॅसिझुमॅब खान्देशातल्या बऱ्याच घरांना ऐकून माहीत आहे: दर दोन-तीन आठवड्यांनी सलाईनमधून देतात ते, २००४ पासून वापरातलं कॅन्सरचं औषध. गाठ स्वतःकडे रक्तवाहिन्या वळवण्यासाठी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते, हे औषध ते पकडून ठेवतं. एवढं पुरे.

खरा घोळ 'नॅनो रोबो'चा आहे, म्हणजे गाठीच्या वाहिन्या बुजवणाऱ्या अतिसूक्ष्म नळीचा. त्याची बातमी मोबाइलवर फिरली, की जळगाव-धुळ्यातले नातेवाईक डॉक्टरांकडे 'नॅनोवालं इंजेक्शन' मागतात. ते दवाखान्यात मिळत नाही, आणि त्याचं कामही वेगळं आहे. रावेर-यावलकडच्या केळीबागेत ठिबकची नवी लॅटरल (झाडांना पाणी देणारी बारीक नळी) टाकूच न देणं हे बेव्हॅसिझुमॅबचं काम. चालू लॅटरल चोक करणं हे नॅनो रोबोचं.

२०१८ मध्ये चीन-अमेरिकेतल्या संशोधकांनी डीएनएची ९० बाय ६० नॅनोमीटरची चादर गुंडाळून नळी केली आणि आत थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं एन्झाइम ठेवलं. नळीचं कुलूप न्यूक्लिओलिन भेटल्यावरच उघडतं. हे प्रथिन गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर असतं. कुलूप उघडलं की तिथेच गुठळी होते आणि गाठ उपाशी मरते. हे उंदरांवर दिसलं. डुकरांवर फक्त सुरक्षितता तपासली. सगळी मदार कुलपावर आहे. ते मेंदूत किंवा हृदयात उघडलं, तर थेट लकवा किंवा हार्ट अटॅक.

वाहिन्या बुजवणाऱ्या उपचारांची अडचण गाठीच्या कडेला असते. मधला भाग मरतो, पण काठावरच्या पेशी शेजारच्या निरोगी वाहिन्यांवर जगतात आणि तिथूनच गाठ पुन्हा वाढते. म्हणून जोडीला दुसरा उपचार लागतोच. त्यातही क्रम महत्त्वाचा: रक्त आधीच बंद केलं, तर केमो गाठीत पोहोचणार कशी? बेव्हॅसिझुमॅब मात्र बहुतेक वेळा केमोसोबतच देतात.

नॅनो म्हटलं की वाहिनी बुजते, असंही नाही. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध नॅनो आकाराचंच, पण ते केमो वाहून नेतं. यकृताच्या गाठीसाठी मांडीतून कॅथेटर घालून करतात ते एम्बोलायझेशन वाहिनी बुजवतं, पण ते नॅनो नव्हे.

बेव्हॅसिझुमॅब चालू असेल, तर बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासत राहा. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी किमान २८ दिवस ते बंद असावं लागतं, नंतरही जखम पूर्ण भरेपर्यंत थांबतात. दात काढायचा असला तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.