कागदातली तुरटी आणि दहा अंशांची कोठी

पुण्याच्या पेशवे दफ्तरातला एखादा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला, की आतून अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद निघतात. कुठे कसर लागलेली असते, कुठे पाण्याचा डाग असतो, पण घडी उलगडावी तशी उलगडते. आता घरच्या माळ्यावरचा १९५५च्या सुमाराचा एखादा दिवाळी अंक काढा. पान उलटलं की कोपरा हातात येतो आणि मांडीवर तपकिरी चुरा पडतो. आजोबा ताठ आणि नातू काठी टेकत चाललेला, असा हा उलटा संसार आहे.

याचं उत्तर कागद कसा केला यात आहे. जुन्नरी किंवा दौलताबादी कागद चिंध्या, तागाचे जुने दोर, गोणपाट असल्या मालापासून व्हायचा. हा माल चुन्यात भिजवून कुटत, ताव वाळला की त्याला खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. वर लिहायची शाई काजळीची. या सगळ्यात आम्ल कुठेच नाही, उलट चुन्याचा अंश कागदात मागे उरलेला.

यंत्रयुगातल्या कागदाची जात वेगळी. कागदाला खळ हवीच, नाहीतर शाई फुटते. १८०७ साली मॉरिट्झ इलिग या जर्मन माणसाने राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळण्याची स्वस्त युक्ती प्रसिद्ध केली. पुढे कारखान्यांत तुरटीच्या जागी तिचं भावंड, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट आलं. ओलाव्याशी गाठ पडली की ते हळूहळू सल्फ्युरिक आम्ल तयार करतं. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिंध्या पुरेनाशा झाल्या आणि लाकडाचा लगदा आला. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू सांधणारं द्रव्य, उजेडाने पिवळं पडतं आणि आम्लात आणखी भर घालतं.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. ग्लुकोजचे शेकडो-हजारो मणी एका दोऱ्यात ओवलेले असावेत तशा. आम्ल आणि हवेतलं बाष्प मिळून हा दोरा मध्येच कुठेतरी तोडतात. एक-दोन जागी तुटला तर काही कळत नाही. साखळ्या आखूड होत गेल्या की तंतूंना वाकणं झेपत नाही आणि घडीवर कागद मोडतो. शिवाय या तुटण्यातून नवीन आम्लं तयार होतात, म्हणजे मोडतोडीचा वेग वाढतच जातो. जुन्या पुस्तकाचा जो वास आपण डोळे मिटून घेतो, तो बराचसा या विघटनातून सुटणाऱ्या वायूंचा असतो. मलाही तो आवडतो, पण वासाचं कारण कळल्यापासून पूर्वीइतका नाही.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम बॅरो नावाच्या माणसाने हे दुखणं चव्हाट्यावर आणलं. १९०० ते १९४९ या काळात छापलेली ५०० पुस्तकं त्याने तपासली. आणखी पन्नास वर्षं काढतील इतका दम त्यांतल्या जेमतेम ३ टक्के पुस्तकांत होता. त्याचा उपाय आपल्या आजीला पटला असता: चुन्याची निवळी. पान आधी निवळीत बुडवायचं, मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यात. आम्ल मरतं आणि चुन्याची शिल्लक पुढच्या आम्लासाठी कागदात राहते. मात्र त्यासाठी पुस्तक उसवून एकेक पान धुवावं लागतं. शंभर दस्तऐवजांना हे ठीक, पण राष्ट्रीय ग्रंथालयाच्या लाखो पुस्तकांना कुठून पुरणार?

वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस म्हणजे जवळपास अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय. तिच्यासमोर नेमका हाच प्रश्न होता, आणि त्यातला एक छोटा हिस्सा आपलाही होता. पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखाली आलेलं धान्य म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवतो तो मिलो ज्वारी आणि अमेरिकन गहू. त्या धान्याचे पैसे भारताने रुपयांत भरले आणि त्यातल्या काही रुपयांतून अमेरिकेने भारतीय पुस्तकं विकत घेतली. त्यासाठी १९६२ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसचं कार्यालय दिल्लीत उघडलं. मराठी पुस्तकं अशी पेट्यांतून समुद्रापार गेली. जाताना आपलं आम्लही घेऊन गेली.

एकेक पान धुणं शक्य नव्हतं, म्हणून ग्रंथालयाने वायूचा मार्ग धरला. डायइथाइल झिंक नावाचा वायू बंद टाकीत सोडला की मिटलेल्या पुस्तकातही तो पानापानांत शिरतो, आम्ल मारतो आणि मागे झिंक ऑक्साइडचा पहारा ठेवून जातो. कल्पना देखणी होती. अडचण एवढीच, की हे रसायन हवेत आपोआप पेटतं आणि पाण्याला भेटलं की भडकतं. मेरीलँडमधल्या नासाच्या गॉडार्ड केंद्रात उभारलेल्या प्रायोगिक कारखान्यात डिसेंबर १९८५ मध्ये आग लागली, फेब्रुवारी १९८६ मध्ये स्फोट झाला आणि अखेर तो कारखाना मोडीत काढावा लागला. पुस्तकं वाचवायला निघून अग्निबाण हाताळणाऱ्यांची फजिती व्हावी, यात काव्य आहे. पुढे टेक्सासमधल्या एका रसायन कंपनीने ही पद्धत काही काळ चालवली, पण १९९४ साली तीही थांबली.

त्यानंतरचा उपाय अगदी सौम्य निघाला. कशातच न मिसळणाऱ्या, शाईलाही न सोडवणाऱ्या फ्लोरीनयुक्त द्रवात मॅग्नेशियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवायचे आणि पुस्तक उघडं धरून त्यात हिंदकळायचं. द्रव उडून जातो, कण कागदात राहतात. लाखो पुस्तकांवर हे झालं. पण इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. तुटलेली साखळी याने जोडली जात नाही. चुरा होऊ लागलेलं पुस्तक आम्लमुक्त केलं, तर आम्लमुक्त चुरा मिळतो.

मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो तो यानंतरचा टप्पा, आणि त्यात नाट्य काहीच नाही. मेरीलँडमध्येच फोर्ट मीड इथे ग्रंथालयाने मोठमोठ्या कोठ्या बांधल्या. पहिली २००२ साली उघडली. आत तापमान साधारण १० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ३० टक्के. पुस्तकं विषयाप्रमाणे नाही, उंचीप्रमाणे लावलेली, बारकोडवरून शोधायची. रसायनक्रिया थंडीत मंदावते: तापमान ५ अंशांनी उतरलं की कागदाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ हिशेब आहे. ३० अंशांवरून १० अंशांवर आणलं तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट. हवा कोरडी ठेवल्याचा लाभ वेगळा. आणि हे औषध हजारो पुस्तकांना एकाच वेळी लागू पडतं, एकालाही हात न लावता.

आपल्याकडे १९५४च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. मुंबईची प्रत टाउन हॉलच्या इमारतीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयात येते. गंगेकाठी किंवा समुद्रकाठी पावसाळ्यात हवेत किती पाणी असतं, हे भिंतींना येणाऱ्या बुरशीलाच विचारा. अशा ठिकाणी निव्वळ एसी बसवून भागत नाही. संध्याकाळी सहाला तो बंद झाला की थंड पानांवर दमट हवा येऊन बसते, आणि रोजच्या या चढउताराने कागद फुगतो, आकसतो. थंडी परवडत नसेल तर निदान एकसारखी, कोरडी, खेळती हवा आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी, इथून सुरुवात होऊ शकते.

एक दिलासा मात्र आहे. गेल्या तीसेक वर्षांत कारखान्यांनी लगद्यात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घालायला सुरुवात केली. ग्रंथपालांच्या विनवण्यांचा त्यात थोडा वाटा असेल. मुख्य कारण म्हणजे खडू लाकडापेक्षा स्वस्त पडतो. हिशेबनिसाने रसायनशास्त्रज्ञाचं काम केलं. त्यामुळे दुखण्याची कपाटं आता मर्यादित आहेत: साधारण १८५० पासून १९९० पर्यंतची. दुर्दैव असं, की मराठीतली बरीच जुनी मासिकं, सुरुवातीच्या कादंबऱ्या, नाटकांच्या पहिल्या आवृत्त्या, सगळं याच कपाटात आहे.

१९५४च्या त्या कायद्यात एक कलम फार विचारपूर्वक लिहिलेलं आहे. राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यायची प्रत ही त्या पुस्तकाच्या ज्या प्रती छापल्या, त्यांतल्या सर्वांत चांगल्या कागदावरचीच असली पाहिजे. गिरणीतून येणारा सर्वांत चांगला कागदही तेव्हा तुरटीचाच होता.