एसएमएची दोन औषधं: एक नवं जनुक देणारं, दुसरं आहे त्या जनुकाकडून काम करून घेणारं

स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, असं निदान झालं की बाळाच्या आईवडिलांच्या कानावर दोन नावं लगेच पडतात: झोलजेन्स्मा आणि स्पिनराझा. दोन्ही सुईतून जाणारी, दोन्ही प्रचंड महाग, आणि बातम्यांमध्ये दोन्हींना सरसकट जीन थेरपी म्हटलेलं असतं. मग घरात कुणीतरी विचारतंच, 'झोलजेन्स्माच्या एका डोसात काम होत असेल तर स्पिनराझासाठी दर चार महिन्यांनी बाळाच्या पाठीत सुई कशाला?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळायला ही औषधं नेमकी कुठे हात घालतात ते बघावं लागतं, कारण दोघांचा रोख वेगवेगळ्या जनुकांवर आहे.

आजार थोडक्यात असा. मज्जारज्जूतल्या ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचा आदेश देतात, त्यांना जगायला एसएमएन नावाचं प्रथिन लागतं. ते बनवणारं एसएमएन१ हे जनुक पाचव्या गुणसूत्रावर असतं. पॅरिसमधल्या जुडिथ मेल्की यांच्या गटाने ते १९९५ मध्ये शोधलं. आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेली किंवा गहाळ प्रत आली, की प्रथिन पुरत नाही आणि त्या पेशी एकेक करून मरतात. साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. टाइप १ म्हणजे सर्वात तीव्र प्रकार. त्यात सहा महिन्यांच्या आतच बाळ ढिलं पडतं, मान धरत नाही, रडणं क्षीण होतं, जिभेवर बारीक थरथर दिसते, श्वास घेताना छाती आत जाते आणि पोट फुगतं. नजर मात्र लख्ख असते. बुद्धीला धक्का लागत नाही, आणि समोरच्याकडे टक लावून हसणारं हे बाळ हात उचलू शकत नाही, हे बघणं फार अवघड असतं. उपचार नव्हते तेव्हा यातली बहुतेक बाळं दोन वर्षांची होण्याआधीच जायची किंवा कायमची व्हेंटिलेटरवर असायची.

निसर्गाने इथे एक पर्यायी जनुक ठेवलं आहे: एसएमएन२. ते एसएमएन१ ची जवळपास हुबेहूब नक्कल आहे. फरक पडतो तो मुख्यतः एका अक्षराने, पण त्या एका अक्षरापायी जनुक वाचताना त्याचा सातवा तुकडा बहुतेक वेळा गाळला जातो. पुस्तकाच्या दहा प्रती छापाव्यात आणि नऊ प्रतींत सातवं पानच नसावं, तसं. त्या नऊ प्रतींतून बनणारं प्रथिन टिकत नाही, लवकर मोडून जातं. एसएमए असलेल्या प्रत्येक बाळात एसएमएन२ असतंच. कुणात दोन प्रती, कुणात तीन किंवा चार. जितक्या जास्त प्रती, तितका आजार सहसा सौम्य. म्हणूनच डॉक्टर या प्रती मोजायला सांगतात. तो आकडा रिपोर्टमधला किरकोळ तपशील समजून सोडू नये.

स्पिनराझा, म्हणजे नुसिनर्सेन, या एसएमएन२ वर काम करतं. तो अवघ्या अठरा अक्षरांचा, प्रयोगशाळेत बनवलेला धागा आहे. जनुक वाचलं जात असताना सातवा तुकडा गाळायला लावणारी एक जागा असते. हा धागा तिथे जाऊन चिकटतो, ती जागा झाकली जाते आणि सातवा तुकडा आत राहतो. बाळाचं जनुक होतं तसंच राहतं. बदलतं फक्त त्याचं वाचन. त्यामुळे धागा संपला की परिणामही ओसरतो. हा धागा रक्तातून मेंदू आणि मज्जारज्जूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून ५ मिलिलिटर पाणी काढतात आणि तेवढंच औषध एक ते तीन मिनिटांत हळूहळू सोडतात. पहिले चार डोस साधारण दोन महिन्यांत, पुढे दर चार महिन्यांनी. मूल मोठं होऊन पाठीचा कणा वाकला, तर हीच सुई घालणं कठीण होत जातं. अमेरिकेत या औषधाला २०१६ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. एसएमएवरचं ते पहिलं औषध. रोज तोंडाने घ्यायचं रिस्डिप्लाम २०२० मध्ये आलं. तेही एसएमएन२ चं वाचनच सुधारतं, म्हणून त्याची गणना स्पिनराझाच्या बाजूला करायची.

झोलजेन्स्मा ही खऱ्या अर्थाने जीन थेरपी. इथे एसएमएन२ ला हात लागत नाही; एसएमएन१ ची चालती प्रत बाहेरून आणून दिली जाते. वाहक म्हणून एएव्ही९ या विषाणूचं रिकामं कवच वापरतात. त्यातली विषाणूची स्वतःची जनुकं काढून टाकलेली असतात, त्यामुळे तो शरीरात वाढत नाही. हे कवच रक्तातून मज्जारज्जूपर्यंत पोहोचतं, म्हणून हाताच्या किंवा पायाच्या शिरेतून तासाभराचं सलाइन पुरतं. बाळाच्या दर किलो वजनामागे जनुक भरलेले सुमारे ११० लाख कोटी कण जातात. पेशीत गेलेली प्रत बहुतांशी गुणसूत्रात मिसळत नाही, केंद्रकात वेगळी राहते. चेतापेशी विभागत नाहीत, त्यामुळे ती वाटली जाऊन विरळ होत नाही. एकच डोस का पुरतो, याचं कारण हे.

आणि दुसरा डोस का देता येत नाही, याचं कारण शरीराची प्रतिकारशक्ती. एकदा ते कवच ओळखलं की तिच्याकडे त्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं तयार असतात. काही बाळांत ती आधीपासूनच असतात, म्हणून औषधाआधी त्यांची तपासणी होते. 'एकच सलाइन' हे ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकं नंतरचं नसतं. आदल्या दिवसापासून स्टेरॉइड सुरू होतं आणि निदान महिनाभर तरी चालतं. यकृताच्या तपासण्या सुरुवातीला आठवड्याला, आणि त्या चुकवून चालत नाही: यकृत निकामी होऊन मुलं दगावल्याच्याही घटना झाल्या आहेत. प्लेटलेट आणि हृदयाची तपासणीही असते. विष्ठेतून कण बाहेर पडतात, म्हणून काही आठवडे डायपर बदलल्यावर हात नीट धुवायचे आणि डायपर बंद पिशवीत टाकायचा.

पैशाचा हिशोबही दिसतो तसा नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत झोलजेन्स्माची जाहीर किंमत २१.२५ लाख डॉलर होती. स्पिनराझा पहिल्या वर्षी ७.५ लाख, पुढे दरवर्षी ३.७५ लाख. म्हणजे पाचव्या वर्षाअखेर स्पिनराझाच पुढे निघून जातं.

कोणतं चांगलं, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मेलेली चेतापेशी दोन्हीपैकी कोणतंच औषध परत आणत नाही. झोलजेन्स्माच्या पहिल्या चाचणीत आजार दिसू लागल्यानंतर पूर्ण डोस मिळालेली १२ बाळं होती. ११ आधाराशिवाय बसली, २ चालली. टाइप १ मध्ये बसणंच अशक्य मानलं जायचं, त्यामुळे हे यश मोठंच होतं. पण पुढे हेच औषध लक्षणं दिसण्याआधी, जन्मल्यापासून सहा आठवड्यांच्या आत, एसएमएन२ च्या दोन प्रती असलेल्या १४ बाळांना दिलं गेलं. सगळी बसली आणि ९ चालली. औषध तेच, फरक वेळेचा. स्पिनराझाच्या तशाच चाचणीत लक्षणांआधी उपचार झालेली २५ च्या २५ मुलं जगली आणि बसली. म्हणून नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर होणारी एसएमएची तपासणी मला या दोन्ही औषधांइतकीच महत्त्वाची वाटते. जिथे ती नाही, तिथे बाळ ढिलं वाटलं तर 'मुलं उशिरा शिकतात' असं म्हणून महिने घालवू नयेत.

दोन्हींबद्दल एक गैरसमज सारखाच आहे: औषध मिळालं म्हणजे आजार घराण्यातून गेला. तसं होत नाही. बाळ मोठं होऊन आपल्या मुलांना बिघडलेली प्रतच देईल, आणि आईवडील दोघे वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसून एक बिघडलेली प्रत बाळगत असतील, तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक राहते. पुढच्या बाळाचा विचार असेल तर गरोदर राहण्याआधीच जनुकतज्ज्ञांना भेटावं. गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून करता येते.