टोचन

टोचन : बंद पडलेले वाहन दोर, साखळी किंवा लोखंडी दांड्याने दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढत नेण्याची पद्धत. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) ट्रकचालक, गॅरेजवाले व ट्रॅक्टरमालक यांच्या बोलण्यात ‘टोचन लावणे’, ‘टोचन करून आणणे’ असे प्रयोग रूढ आहेत. ओढण्याच्या साखळीलाही टोचनच म्हणतात.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते संभवतात. हूक कडीत अडकवतात म्हणून तो ‘टोचणे’ या धातूपासून आला, हे एक. इंग्रजी ‘टो-चेन’चा (ओढण्याची साखळी) तो अपभ्रंश, हे दुसरे. ‘टोचणे’पासून ‘टोचणी’सारखे णकारयुक्त रूप अपेक्षित आहे, हा पहिल्या मतावरील आक्षेप. पण खानदेशच्या अहिराणी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. त्यामुळे खानदेशापुरता हा आक्षेप लंगडा पडतो. मात्र हिंदीभाषक चालकही हाच शब्द याच अर्थाने वापरतात आणि साखळीलाही तेच नाव आहे, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शब्द बहुधा ट्रकवाहतुकीबरोबर पसरला असावा.

दोर बांधण्याची जागा महत्त्वाची. बंपर, स्टिअरिंगचा रॉड किंवा सस्पेन्शनचे भाग ओढ सोसत नाहीत. बहुतेक मोटारींत जॅकसोबत एक कडी दिलेली असते. बंपरवरील झाकण काढून ती आत पूर्ण आवळतात (काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात). नायलॉनचा दोर ताणला जाऊन हिसका पचवतो, साखळी पचवत नाही. तुटलेला दोर चाबकासारखा उलटतो, म्हणून मध्यावर ओले गोणपाट टाकतात. मागील गाडी न्यूट्रलमध्ये आणि किल्ली चालू स्थितीत हवी, नाहीतर स्टिअरिंग जखडते. इंजिन बंद असल्याने ब्रेकच्या बूस्टरचा (पायाचा दाब वाढवणाऱ्या भागाचा) साठलेला जोर एकदोन दाबांत संपतो व पुढे पेडल कडक होते. सपाट रस्त्यावरही दोर ताणलेला ठेवणे हे मागच्या चालकाचे काम. हिसके बसतात ते दोर ढिला पडून पुन्हा ताणला गेल्यावर.

१९८९च्या रस्तेविषयक नियमावलीत दोन वाहनांतील अंतर ५ मीटरपर्यंत, वेग ताशी २४ किमी.पर्यंत आणि मागे ७५ मिमी. उंच अक्षरांची पाटी अशा अटी होत्या. २०१७मध्ये नव्या नियमावलीने तिची जागा घेतली.

चाळीसगाव–कन्नड दरम्यानचा औट्रम घाट किंवा साक्री–नवापूर मार्गावरील कोंडाईबारी घाट येथे दोराचे टोचन धोक्याचे : उतारावर मागची गाडी पुढचीवर धावून जाते. अशा ठिकाणी दांडा किंवा क्रेनच योग्य. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरने उपसणे हा वेगळा प्रकार; त्यात ओढ कितीतरी पट लागते.

ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांत तेलपंप सहसा इंजिनावर चालतो, म्हणून चालित (इंजिनाने फिरणारी) चाके जमिनीवर ठेवून लांब ओढल्यास गिअरपेटी जळते. चारही चाके इंजिनाने फिरणाऱ्या व विजेवरील गाड्या सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून नेतात.