रीळ संपलं, मध्यंतर उरलं

जुना चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र झळकायचं. बहुतेक जण त्यावर 'यू' आहे की 'ए' एवढंच बघायचे. चौकस मंडळी मात्र रिळांचा आकडा वाचायची आणि सोळा दिसले की शेजाऱ्याला कोपरानं ढोसून सांगायची, "मोठा आहे!" अंदाज बरोबर असायचा. 35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, बसतात आणि पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. म्हणजे मिनिटाला 90 फूट, आणि हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं. रिळं काठोकाठ भरलेली नसतात हे धरलं, तरी सोळा रिळांचा चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपास जायचा.

चित्रपटाचा वेळ असा फुटांत मोजला जायचा, आणि त्यातून गमती व्हायच्या. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची (1913) लांबी सुमारे 3,700 फूट. आजच्या वेगानं दाखवला तर 41 मिनिटं. त्या काळी हातानं फिरवायच्या यंत्रावर सेकंदाला 16 चौकटींचा वेग धरला तर तासभर! दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली तेव्हा सरकारनं कथापटांना 11,000 फुटांची मर्यादा घातली. दिग्दर्शकाला काय सांगायचंय ते सांगू दे, पण दोन तासांत.

मग मध्यंतर कुठून आलं? "रीळ बदलायला वेळ लागायचा म्हणून" हे उत्तर आपण सगळेच देतो. ते अर्धंच खरं आहे. एकच प्रोजेक्टर असेल, तर रीळ संपलं की खेळ थांबणारच. पण बऱ्या थिएटरात दोन प्रोजेक्टर असत. एकावरचं रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसे. आठेक सेकंद उरल्याची ती खूण. ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करी. शेवटाला जेमतेम सेकंद उरला की दुसरा ठिपका येई, आणि त्याबरोबर तो पहिल्याचा उजेड बंद करून दुसऱ्याचा सोडी. खाली बसलेल्यांना पत्ताही लागत नसे. त्यातच कार्बनच्या कांड्या सांभाळायच्या. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये विजेचा झोत पेटलेला असे, आणि कांड्या जळत जातील तसं त्यांच्यातलं अंतर पुन्हा जुळवावं लागे, नाहीतर पडदा अंधारे. रीळ आणि कांडी, दोन्ही मिनिटांच्या हिशोबानं संपणाऱ्या वस्तू. तरीही दोन यंत्रं असली की चार तासांचा खेळ सलग चालवता येत होता.

हॉलिवुडच्या भव्य चित्रपटांची मध्यंतरं म्हणूनच यंत्राच्या गरजेची नव्हती. ती नाटक-ऑपेराकडून उसनी घेतलेल्या थाटाची होती. 'गॉन विथ द विंड' (1939), 'बेन-हर' (1959), 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (1962) यांच्या खास खेळांना राखीव आसनं, सुरुवातीला वाद्यसंगीत, मध्ये विश्रांती असा सगळा सरंजाम असे. पुढे कांड्यांची कटकट नसलेले झेनॉन वायूचे दिवे आले, सगळी रिळं एकत्र जोडून जेवणाच्या टेबलाएवढ्या आडव्या थाळीवर गुंडाळायची सोय झाली, आणि एकच ऑपरेटर अनेक पडदे सांभाळू लागला. तो महागडा थाटही परवडेनासा झाला. पंधरा मिनिटांचं मध्यंतर आणि दिवसाला पाच खेळ धरले तर सव्वा तास जातो. तिकडचा प्रेक्षक पॉपकॉर्न आत जातानाच घेतो. मग थांबायचं कशाला? 'गांधी' (1982) मध्यंतरासह दाखवला गेला, पण तोवर असे चित्रपट विरळ झाले होते.

आपल्याकडे हाच हिशोब उलटा लागला. इथे काउंटर दोनदा चालतो: खेळाआधी आणि मध्यंतरात. शिवाय नाटकाच्या मध्यंतरातल्या बटाटेवड्यावर वाढलेल्या प्रेक्षकाला न थांबता घरी पाठवणं म्हणजे जवळजवळ अपमान. 'संगम' (1964) आणि 'मेरा नाम जोकर' (1970) यांना तर दोन-दोन मध्यंतरं होती. याउलट 'इत्तफाक' (1969) आणि 'धोबी घाट' (2011) मध्यंतराविना आले, पण असे अपवाद बोटांवर मोजण्याइतके. दीड तासाचा इंग्रजी चित्रपटही आपण मध्येच थांबवतो, कधी कधी भर वाक्यात, आणि ते मात्र मला अजून सहन होत नाही.

खरी अडचण शरीराची आहे. मोठ्या माणसाची मूत्रपिंडं एरवी तासाला साधारण 60 मिलिलिटर लघवी तयार करतात. मूत्राशयात 150 ते 200 मिलिलिटर साठलं की पहिली जाणीव होते. 400 ते 500 झालं की सुचेनासं होतं. या हिशोबानं तीन तास सहज निघावेत. पण आपण अर्ध्या लिटरचं शीतपेय घेऊन बसतो. रक्त जरासं पातळ झालं की मेंदू व्हॅसोप्रेसिन हे पाणी राखून ठेवणारं संप्रेरक कमी सोडतो, आणि तासाभरात लघवी तयार होण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो. म्हणजे पहिल्या दृश्याला संपवलेला ग्लास उत्तरार्धाच्या ऐन रंगात येताना हाक मारतो. खारट पॉपकॉर्ननं तहान वाढते, तहानेनं दुसरा ग्लास येतो. वय झालेल्यांची आणि गरोदर बायकांची अडचण याहून मोठी.

लांबी तर कमी व्हायची चिन्हं नाहीत. 'ओपनहायमर' (2023) तीन तासांचा; त्याची आयमॅक्स 70 मिलिमीटरची प्रत सुमारे 11 मैल लांब आणि 600 पौंड, म्हणजे पावणेतीन क्विंटलच्या आसपास वजनाची होती. त्याच वर्षी 206 मिनिटांच्या 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'ला परदेशातल्या काही थिएटरांनी आपल्या मनानं मध्यंतर दिलं. ते नियमबाह्य असल्याचं चित्रपटाच्या संकलक थेल्मा शूनमेकर यांनी जाहीरपणे सांगितलं. त्यांची बाजू बरोबर आहे. कुठे थांबायचं हेही संकलनच आहे, आणि आपले पटकथाकार मध्यंतराचा प्रसंग आधी ठरवून मग मागेपुढे लिहितात ते उगाच नाही.

'द ब्रुटलिस्ट' (2024) या 215 मिनिटांच्या चित्रपटानं हा वाद आधीच मिटवून टाकला. त्याचं पंधरा मिनिटांचं मध्यंतर चित्रपटातच आहे: पडद्यावर एक छायाचित्र आणि उलटं मोजणारं घड्याळ. घड्याळ शून्यावर आलं की उत्तरार्ध सुरू, बाहेरची रांग संपलेली असो वा नसो.