डायटम की डायनो? खाऱ्या पाण्याच्या टाकीतील तपकिरी थराची ओळख

खाऱ्या पाण्याची टाकी घरी ठेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी वाळूवर, दगडांवर आणि काचेवर पसरलेला तपकिरी थर पाहावा लागतो, आणि दुकानात विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : ‘ब्राउन अल्गी आहे, पाणी बदला, खाणे कमी करा.’ हा सल्ला अर्ध्या वेळा बरोबर असतो. उरलेल्या अर्ध्या वेळा तो टाकीचे नुकसान करतो, कारण त्या एका नावाखाली दोन अगदी वेगळे जीव खपवले जातात. पहिला डायटम आणि दुसरा डायनोफ्लॅजेलेट, ज्याला हौशी मंडळी नुसते ‘डायनो’ म्हणतात. दोघेही एकपेशीय, दोघेही प्रकाशावर जगणारे आणि रंगाने सारखेच असले, तरी त्यांची भूक वेगळी असल्यामुळे एकाला हटवणारा उपाय दुसऱ्याला पोसतो.

डायटमच्या पेशीभोवती सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीच्या द्रव्याचे कवच असते. पाण्यात विरघळलेले सिलिकेट मिळाल्याशिवाय त्याला नवे कवच करता येत नाही. म्हणून नवी टाकी लावल्यावर साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तो उगवतो, नवी वाळू, नवे दगड आणि पाणी यांतून आलेले सिलिकेट संपेपर्यंत राहतो, आणि बहुतेक वेळा काही न करता ओसरतो. नव्या टाकीतल्या डायटमवर पैसे खर्च करणे मला व्यर्थ वाटते. काच पुसावी, गोगलगाई सोडाव्यात आणि वाट पाहावी.

जुन्या टाकीत डायटम पुन्हा पुन्हा येत असेल, तर मात्र वरून भरल्या जाणाऱ्या पाण्याकडे पाहावे लागते, आणि नागपुरात हा मुद्दा किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा अधिक जड आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवा कोरडी असते, आणि टाकी थंड ठेवण्यासाठी पाण्यावर पंखा लावला की माझ्या 180 लिटरच्या टाकीतून रोज चार-साडेचार लिटर पाणी उडते. उडते ते फक्त पाणी. त्यात विरघळलेले सर्व मागे राहते. कूलरच्या गवतावर उन्हाळ्याच्या अखेरीस जो पांढरा कडक थर जमतो, तो ज्याने खरवडला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. भरायचे पाणी बोअरवेलचे असेल, तर सीताबर्डीच्या टेकडीखाली आहे तशा बेसॉल्टमधून झिरपताना त्याने सिलिका सोबत आणलेली असते, आणि साधारण दीड महिन्यात अख्ख्या टाकीभर पाण्यातली सिलिका आत साठण्याच्या मार्गावर लागते.

‘पण मी तर आरओचे पाणी घालतो’ असे उत्तर यावर मिळते, आणि येथे दोन फसवणुका आहेत. घरातल्या पिण्याच्या आरओ यंत्रात बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर असतो, जो चवीसाठी पडद्यातून न गेलेले थोडे पाणी पुन्हा मिसळतो. तो बंद केल्याशिवाय, किंवा आरओच्या पडद्याजवळून वेगळी नळी काढल्याशिवाय ते पाणी टाकीच्या कामाचे नाही. दुसरी फसवणूक टीडीएस मीटरची. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते, आणि साध्या पाण्यातल्या सिलिकावर विद्युतभार जवळजवळ नसतो, म्हणून मीटर शून्य दाखवत असतानाही सिलिका निसटत असू शकते. आरओनंतर बसवलेले डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार पकडणारे मणी, थकू लागले की सर्वांत आधी सुटणाऱ्या पदार्थांत सिलिका असते. म्हणून मीटर हलण्याची वाट न पाहता रेझिन वेळेत बदललेले बरे.

डायनोची गोष्ट उलट आहे. तो बहुधा अशा टाकीत माजतो जिच्या मालकाने स्वच्छतेचा अतिरेक केला आहे : कोरड्या, निर्जीव दगडांवर लावलेली टाकी, जोरात चालणारा स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारे यंत्र), फॉस्फेट शोषणारी लोहाची पूड, जोडीला नायट्रेट उतरवण्यासाठी व्हिनेगरचा डोस, आणि टेस्ट किटवर नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्य. हौशी माणसाला शून्य पाहून समाधान वाटते. परंतु त्या उपासमारीत डायनोशी जागेसाठी झगडणारे हिरवे शेवाळ आणि जिवाणू मागे पडतात, आणि डायनो मोकळी जागा बळकावतो. प्रवाळाच्या पेशीत राहून त्याला अन्न पुरवणारे झूझँथेलीसुद्धा याच कुळातले. त्यामुळे पूर्ण कुळाला शत्रू ठरवण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी मनीषनगरातल्या एका मित्राचा फोन आला. ‘भाऊ, पाणी बदलून बदलून थकलो, पण हे वाढतच चाललंय. आता गोगलगाई पण पालथ्या पडून राहिल्यात.’ गोगलगाई पालथ्या पडतात हे ऐकल्यावर मी टाकी न पाहताच त्याला हातमोजे घालायला सांगितले. ऑस्ट्रिऑप्सिस या डायनोचे विष गोगलगाईंना मारते आणि माणसालाही त्रास देऊ शकते, आणि आपल्याकडे नळीने पाणी काढताना तोंडाने ओढण्याची सवय सर्रास आहे. डायनोचा संशय असेल तेव्हा नळी तोंडाला लावू नये आणि दगड हवेत खसाखसा घासू नयेत.

संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन पाहिले. डायटमचा थर पिठासारखा असतो. काचेवरून बोट फिरवले की धुळीत ओढल्यासारखी स्वच्छ रेघ उमटते आणि कण पाण्यात विरून जातात. येथे मात्र दगडांच्या टोकांवरून शेंबडासारखे तार लोंबत होते आणि प्रत्येक ताराच्या शेंड्याला हवेचा एकेक बुडबुडा अडकला होता. दिवे बंद झाल्यावर हा पसारा बराच कमी होतो, सकाळी वाळू जवळजवळ पांढरी दिसते, आणि दुपारपर्यंत पुन्हा तपकिरी होते, असे वहिनींनी आपण होऊन सांगितले. रात्री थोडा फिका डायटमही पडतो, म्हणून केवळ या एका खुणेवर निकाल देऊ नये. पण तार, बुडबुडे आणि मरणाऱ्या गोगलगाई एकत्र आल्या की शंका फारशी उरत नाही.

जी शंका उरते ती घरच्या घरी फेडता येते. सुई नसलेल्या सिरिंजने थोडा थर ओढून बाटलीत घ्यावा, झाकण लावून जोरात हलवावे, ते पाणी कॉफी फिल्टरच्या कागदातून गाळावे आणि खाली आलेले स्वच्छ पाणी दिव्याखाली ठेवावे. तासाभरात त्यात पुन्हा तपकिरी धागे जुळून आले तर तो डायनो. डायटम असा पुन्हा जमत नाही. चारशे पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक मिळाला, तर प्रश्न मिनिटात सुटतो : डायटम होडी, काडी किंवा डबीसारखे, काटेकोर आकाराचे, स्थिर किंवा संथ सरकणारे दिसतात, आणि ऑस्ट्रिऑप्सिस तिळासारखा, एका टोकाला निमुळता, निमुळत्या टोकाला दोरी बांधल्यासारखा जागीच गरगर फिरताना दिसतो. माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही तो पाहिला. (लालसर-जांभळा थर कातड्यासारखा अख्खा सोलून निघत असेल, तर तो या दोघांपैकी कोणीच नाही, ते सायनोबॅक्टेरिया होत.)

उपचार मित्राला उलटा वाटला, आणि वाटणारच. पाणी बदलणे थांबवले, फॉस्फेटची पूड काढली, माशांचे खाणे वाढवले, आणि रोज मोजून नायट्रेट 5 ते 10 पीपीएम व फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएम यांच्या दरम्यान आणून टिकवले. तीन दिवस टाकी झाकून अंधारात ठेवली, पण अंधार हा केवळ हातभार आहे. पोषणाचे गणित न सुधारता नुसता अंधार केला, तर आठवड्यात सारे परत येते. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री दगड सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून त्याच्यावर यूव्ही दिव्याचा चांगला उपयोग होतो; ॲम्फिडिनियम हा दुसरा डायनो वाळूतच दडून राहतो, त्याच्यासाठी यूव्हीचा खर्च करू नये. शिवाय माझ्या जुन्या टाकीतली मूठभर वाळू आणि एक दगड त्याच्याकडे नेला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे नागपुरात जिवंत सूक्ष्मजीव मिळवण्याचा तोच सोपा मार्ग आहे.

एवढे करूनही डायनो हटत नसेल, तर अनुभवी हौशी लोक टाकीत जाणूनबुजून सोडियम सिलिकेटचा बेताचा डोस देतात, म्हणजे डायटम वाढून डायनोची जागा घेईल. मित्राला तेही करावे लागले. पाचव्या आठवड्यात त्याने काचेवर बोट फिरवून स्वच्छ रेघ उमटल्याचे कळवले आणि नव्या गोगलगाई कधी आणू असे विचारले. मी त्याला बाटलीची चाचणी दोनदा, आठवड्याच्या अंतराने करायला सांगितले, आणि दोन्ही वेळा धागे जमले नाहीत तर आधी एकच गोगलगाय सोडून पाहायला.