पार्श्वभूमी: मिड-इंजिन स्पोर्ट्स कार आणि गिअरबॉक्सचा प्रश्न

जानेवारी 2025 मध्ये टोकियो ऑटो सलोनमध्ये टोयोटाने ‘जीआर यारिस एम’ ही प्रायोगिक गाडी मांडली आणि 2007 मध्ये बंद झालेली टोयोटाची छोटी मिड-इंजिन स्पोर्ट्स कार एमआर-टू परत येणार, या चर्चेला नवे बळ मिळाले. मूळ यारिसचे पुढचे इंजिन काढून आसनांच्या मागे दोन लिटरचे, चार सिलिंडरचे नवे टर्बो इंजिन बसवलेल्या या गाडीत ताकद चारही चाकांना जाते. तेव्हापासूनचे बहुतेक तर्क अश्वशक्तीच्या आकड्यांभोवती फिरत आहेत. या जातीच्या गाड्यांचा इतिहास पाहता मात्र पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा असायला हवा, कारण सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातली मिड-इंजिन गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या गाडीच्या गिअरबॉक्सवरच उभी राहिलेली आहे.

इंजिन पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) मध्ये असले की गाडीला मिड-इंजिन म्हणतात. काटेकोर अर्थाने 1984 ची मारुती व्हॅनही त्यात मोडते. नाशिकमध्ये शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या या व्हॅनचे 796 सीसीचे इंजिन पुढच्या सीटखाली होते आणि उन्हाळ्यात चालकाला त्याची जाणीव सतत होत असे. स्पोर्ट्स कारमध्ये ही जागा निवडण्याचे कारण निराळे आहे. जड भाग मध्याजवळ असले की गाडी चटकन वळते आणि मागच्या चाकांवर वजन आल्याने वेग घेताना पकड वाढते. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांत फर्डिनांड पोर्शे यांनी 1934 मध्येच ही मांडणी वापरली होती, पण तिचे वर्चस्व कूपर या ब्रिटिश कंपनीच्या शर्यतीच्या छोट्या गाड्यांमुळे आले: 1959 आणि 1960 चे जागतिक विजेतेपद जॅक ब्रॅबहॅम यांनी त्यांच्याच जोरावर मिळवले.

शर्यतीच्या गाडीसाठी स्वतंत्र गिअरबॉक्स घडवता येतो, विक्रीच्या गाडीला तो खर्च झेपत नाही. येथे उपयोगी पडली ती घरगुती गाड्यांमधली क्रांती. 1959 च्या मिनीत अॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले आणि गिअरबॉक्स थेट त्याच्या ऑइल चेंबरमध्ये घातला. 1966 च्या लॅम्बोर्गिनी मिउराने बारा सिलिंडरचे इंजिन आसनांमागे आडवे ठेवताना हाच मार्ग धरला; इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव कवचात, आणि सुरुवातीच्या गाड्यांत तर दोघांना तेलही एकच. ही तडजोड दिसायला देखणी असली तरी शहाणपणाची नव्हती, कारण दोहोंना लागणारे तेल वेगळे असते, आणि शेवटच्या काही मिउरांमध्ये ते वेगळे करण्यात आले.

खरी वाट फियाटच्या दान्ते जाकोझा यांनी दाखवली. त्यांनी गिअरबॉक्स आडव्या इंजिनाच्या एका टोकाला जोडला, आधी 1964 च्या ऑटोबियांकी प्रिमुलात आणि मग 1969 च्या फियाट 128 मध्ये. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) यांचा हा एकसंध संच पुढून उचलून मागे ठेवला की मिड-इंजिन गाडीचा निम्मा प्रश्न सुटतो. 1972 ची फियाट एक्स वन-नाइन नेमकी अशीच जन्मली. नाशिककरांना हा फरक परका नाही. महिंद्राच्या येथील कारखान्यात 2002 पासून लांबीच्या दिशेने इंजिन बसवलेली स्कॉर्पिओ तयार झाली आणि 2007 पासून आडव्या इंजिनाची, फ्रंट-व्हील ड्राइव्ह लोगानही. मिड-इंजिन गाडीला फुकटात मिळू शकतो तो लोगानसारखा संच. स्कॉर्पिओसारख्या मांडणीचा तेथे फारसा उपयोग नाही. 2012 च्या ऑटो एक्स्पोमध्ये आलेल्या डीसी अवंतीनेही रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिन घेऊन हाच हिशेब केला.

उसनवारीला मर्यादा असतात. 1984 मॉडेल म्हणून आलेल्या पाँटियाक फिएरोच्या मागच्या बाजूस जनरल मोटर्सच्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांचे पुढचे सस्पेन्शनच बसवले होते आणि चाके वळवणारे स्टिअरिंगचे दांडे, म्हणजे टाय रॉड, सांगाड्याला जखडून टाकले होते. त्या गाडीला लागलेल्या आगींनी तिचे नाव गेले ते गेलेच, आणि 1988 मध्ये तिचे उत्पादन थांबले.

टोयोटाने हाच पाया अधिक काळजीने वापरला. 1984 च्या पहिल्या एमआर-टूत कोरोला कुटुंबातले 1.6 लिटरचे इंजिन होते, 1989 च्या दुसरीच्या टर्बो आवृत्तीत सेलिका जीटी-फोर या टोयोटाच्याच, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचे दोन लिटरचे आणि 1999 च्या तिसरीत 1.8 लिटरचे. तिन्हींत इंजिन आडवे, ताकद फक्त मागच्या चाकांना. दुसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत वळणावर मध्येच अॅक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू अचानक सुटत असे. टोयोटाला पुढे सस्पेन्शन आणि टायर बदलावे लागले. कसारा घाटात रोज गाडी चालवणाऱ्याला हा दोष किती महागात पडू शकतो, हे वेगळे सांगायला नको.

हा वारसा पाहिला की यारिस एममधली चारचाकी ओढ, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याची रचना, लक्ष वेधते. नेहमीच्या जीआर यारिसमध्ये ताकद पुढून मागे जाते. येथे ती मागून पुढे न्यावी लागते, म्हणजे शाफ्ट दोन आसनांच्या मधून जाणार, पुढे दुसरे डिफरन्शियल येणार आणि वजन वाढणार. नव्या इंजिनाची उंची कमी ठेवण्यावर टोयोटाने भर दिला आहे, त्याचा फायदा गुरुत्वमध्य खाली ठेवायला होईल. टर्बोची उष्णता हा दुसरा पेच आहे: इंजिन मागे असले की समोरचा वारा त्याच्यावर येत नाही, आणि यारिस एमच्या मागच्या चाकांपुढे हवेसाठी ठेवलेली मोठी तोंडे त्यासाठीच आहेत. नाशिकच्या चाळीस अंशांच्या एप्रिलमध्ये, वाहतुकीत उभ्या असलेल्या अशा गाडीची खरी परीक्षा होईल.

माझा कौल असा, की शर्यतीच्या प्रयोगात चारही चाके चालली तरी विक्रीच्या गाडीच्या किमतीचा हिशेब फक्त मागची चाके चालवण्याच्या बाजूने झुकेल. टोयोटाने चारचाकी ओढ कायम ठेवली, तर ती गाडी जुन्या एमआर-टूपेक्षा स्वभावाने सेलिका जीटी-फोरच्या अधिक जवळची असेल आणि हजार किलोंच्या आसपास राहण्याची आशा सोडून द्यावी लागेल.