टाकीच्या झाकणाचा दिवा लागलाय? गाडी आमच्या गॅरेजला आणण्याआधी हे वाचा

पेट्रोल भरलं, दोन दिवस गाडी नीट चालली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा. काही गाड्यांत 'फ्युएल कॅप तपासा' असा मजकूर येतो, काहींत नुसतं इंजिनचं चित्र पेटतं. गाडी मात्र तशीच पळतेय, पिकअप तोच, आवाजही तोच. मग फोन येतो, 'चालवू की उभी करू?'

दिवा स्थिर असेल आणि पेट्रोलचा वास येत नसेल तर खुशाल चालवा. दिवा लुकलुकत असेल तर ती झाकणाची भानगड नाही. बहुतेक वेळा इंजिन मिसफायर होत असतं आणि त्यात सायलेन्सरच्या वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) जळू शकतो, म्हणून वेग कमी ठेवा आणि गाडी लगेच दाखवा. वास येत असेल तर गाडी बंद जागेत उभी करू नका आणि दिव्याची वाट न बघता आम्हाला कळवा.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवतो. पेट्रोल पंपाचं छोटं चित्र पेटलं तर ते इंधन संपत आल्याचं लक्षण, झाकणाशी त्याचा संबंध नाही. (त्या चित्राशेजारी बारीक बाण असेल तर टाकीचं तोंड त्या बाजूला आहे. दहा दहा वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं.) डिझेल गाड्यांना हे पत्रक सहसा लागू नाही. डिझेलची वाफ फारशी होत नाही, त्यामुळे त्यांत इंधनाची वाफ अडवणारी यंत्रणाच नसते.

झाकणाला सेन्सर नसतो

बहुतेकांना वाटतं, झाकणात एखादं बटण असेल आणि ते सैल झालं की दिवा लागत असेल. तसं काही नसतं. पेट्रोलची सतत वाफ होत असते. ती हवेत जाऊ नये म्हणून टाकीपासून एक नळी कोळशाच्या डब्याकडे जाते. या डब्याला आम्ही कॅनिस्टर म्हणतो. कोळसा वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे डबा आणि इंजिन यांच्यामधली झडप, उघडून ती वाफ इंजिनात ओढली जाते, जळून जाते.

ही सगळी वाट हवाबंद आहे की नाही, हे गाडीचा संगणक अधूनमधून स्वतःच तपासतो. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून टाकीत थोडा दाब किंवा थोडी पोकळी तयार करायची आणि ती टिकते का ते बघायचं. टिकली नाही, तर कुठेतरी गळती आहे. ही चाचणी भलतीच काटेकोर असते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारींना ही स्वयंतपासणीची पद्धत सक्तीची झाली. सुरुवातीला १ मिलिमीटरच्या भोकाएवढी गळती पकडायची होती, पुढे ती मर्यादा ०.५ मिलिमीटरवर आली. म्हणजे टाचणीने पडेल एवढं भोक.

तेव्हा संगणकाला एवढंच कळतं की हवा टिकत नाही. झाकण हा त्याचा अंदाज असतो, आणि तो बऱ्याचदा बरोबर निघतो, कारण या सगळ्या वाटेत माणसाचा हात रोज लागणारा भाग तेवढाच.

गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावल्यावर दिसणारे बिघाडाचे कोडही हीच भाषा बोलतात. पी०४५७ म्हणजे झाकण सैल किंवा नसल्यासारखी गळती, पी०४५५ मोठी गळती, पी०४४२ छोटी, पी०४५६ अगदी बारीक. कोडमध्ये झाकणाचा उल्लेख आला म्हणून झाकणच दोषी, असं आम्ही धरून चालत नाही.

आधी झाकण काढून बघा

इंजिन बंद करा, आसपास विडी-काडी नको, आणि झाकण हळू फिरवा. थोडीशी फुस्स झाली तर घाबरू नका, ती बहुधा आतली वाफ असते.

सर्वांत आधी झाकणाला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी बघा. घाईत झाकण लावताना ती वळून रबराखाली अडकते. झाकण 'टक टक' वाजतं, घट्ट लागल्यासारखं वाटतं, पण पट्टीच्या जाडीएवढी फट राहते. आमच्याकडे या दिव्यासाठी आलेल्या कित्येक गाड्या एवढ्याचमुळे आल्या होत्या.

मग रबरी रिंग. ती कोरड्या कापडाने पुसून घ्या आणि उजेडात धरून एका जागी हलकीच वाकवा. सरळ बघताना रबर ठणठणीत दिसतं, वाकवल्यावर केसासारख्या भेगा उघडतात. नखाने दाबून बघा. चांगलं रबर लगेच फुगून वर येतं; वय झालेलं रबर कडक लागतं किंवा नखाची खूण तशीच राहते. एका बाजूला चपटी झालेली रिंगही कामातून गेली. त्यावर ग्रीस चोपडू नका. साध्या ग्रीसने रबर खराब होऊ शकतं.

शेवटी पेट्रोल भरायच्या नळीचं तोंड, म्हणजे रबर जिथे टेकतं ती कड. टॉर्च मारून बोट फिरवा. खरखर लागली तर गंज आहे. जुन्या गाड्यांत इथेच पाणी साचतं.

झाकण परत लावताना सरळ बसवा आणि गाडीच्या पुस्तकात सांगितल्याइतक्या वेळा 'टक' वाजू द्या. काही गाड्यांत एकदा वाजलं तरी पुरतं, काहींत तीनदा वाजवावं लागतं. जुन्या झाकणाचे आतले दाते झिजले असतील तर ते घट्ट न होताच वाजतं. म्हणून आवाजावर विसंबू नका, बसल्यावर हलवून बघा.

आणि मग थांबा

इथे माणसं घाई करतात. झाकण घट्ट केलं, चावी फिरवली, दिवा तसाच. म्हणजे झाकण नव्हतंच, असं म्हणून लोक दुसऱ्या दिवशी हजर होतात. पण संगणकाने अजून दुसरी चाचणी घेतलेलीच नसते. ती घ्यायला त्याला थंड इंजिन लागतं, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी. टाकीही ढोबळमानाने १५ ते ८५ टक्के भरलेली हवी. काठोकाठ किंवा तळाला गेलेल्या टाकीत बहुतेक गाड्या चाचणी पुढे ढकलतात. साधारणपणे लागोपाठ तीन फेऱ्यांत चाचणी पास झाली की दिवा आपोआप विझतो. रोजच्या वापरात याला आठवडाही लागतो, कधी जास्तच. तुमचा दिवा पेट्रोल भरल्यावर लगेच न लागता दोन-तीन दिवसांनी लागला, त्याचंही कारण हेच. बऱ्याच गाड्या दोन वेळा गळती दिसल्याशिवाय दिवा लावत नाहीत.

बॅटरी काढून दिवा घालवण्याचा उद्योग कृपया करू नका. दिवा जातो, पण सोबत आम्हाला हवी असलेली नोंदही जाते आणि सगळ्या स्वयंचाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. प्रदूषण तपासणीत स्कॅनर लावत असतील तर अशी गाडी 'चाचण्या अपूर्ण' म्हणून परत पाठवली जाऊ शकते.

नवं झाकण घेताना

दिसायला सारखं म्हणून कुठलंही घेऊ नका. खूप जुन्या, कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्यांची झाकणं हवा आत घेणारी असायची. तसं झाकण नव्या पद्धतीच्या टाकीवर लावलं तर दिवा कायमचा मुक्कामाला येतो. उलट, हवा घेणाऱ्या झाकणाऐवजी पूर्ण बंद झाकण लावलं तर पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि गाडी काही किलोमीटरवर आचके देत बंद पडते. झाकण उघडून मोठी फुस्स झाली आणि गाडी पुन्हा सुरू झाली, की झाकण चुकीचं आहे हे समजावं.

झाकण बदललं तरी दिवा आहे

एका ग्राहकाने दोन झाकणं बदलली होती, दुसरं तर कंपनीचं. दोन्ही उत्तम. नळीच्या तोंडाची कड वरून रंगवल्यासारखी साफ होती. बोट आतून फिरवलं तेव्हा गंजाचा पापुद्रा सुटून हातात आला आणि खाली खड्डा दिसला. त्या खड्ड्यावर जगातलं कुठलंच झाकण बसणार नव्हतं. नळी बदलली, जुनंच झाकण लावलं.

तिथेही काही नसेल तर उरतात टाकीवरच्या तडकलेल्या रबरी नळ्या, कॅनिस्टर आणि पर्ज व्हॉल्व्ह. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला तर एक खास खूण मिळते, पेट्रोल भरून निघताना गाडी सुरू व्हायला कुरकुरते. गळती डोळ्यांना दिसत नसेल तर आम्ही यंत्रणेत हलक्या दाबाने धूर सोडतो आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतो. अंदाजाने एकेक पार्ट बदलण्यापेक्षा ही तपासणी आम्ही आधी करतो.

पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर 'अजून थोडं' म्हणून पेट्रोल ढकलू नका. जास्तीचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरतं. कोळसा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलने तो भिजला की डबाच बदलावा लागतो.

गाडी आणताना टाकी साधारण अर्धी ठेवा. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच सोडून जा, म्हणजे सकाळी आम्हाला इंजिन थंड मिळेल. दिवा कधी लागला आणि त्याआधी पेट्रोल कधी भरलं होतं, ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. झाकण बदललं असेल तर जुनंही सोबत आणा.